खरड छाटणी

मार्सेल भिंतीवर काठी आपटतो. तीनदा. बेल वाजवणं त्याला आवडत नाही, हाक मारणं कमीपणाचं वाटतं आणि फोन तो बिघडला तरच हातात घेतो. आमच्या दोन शेजारच्या घरांच्या मागच्या अंगणांमध्ये छातीएवढी विटांची भिंत आहे. तिच्यावर त्याची ॲल्युमिनियमची काठी आदळली की डब्लिनच्या सँट्री भागातली आमची सगळी गल्ली दचकते. आज सकाळी ती आदळली. ऑक्टोबर आला, द्राक्षं उतरवायची वेळ झाली, आणि दीड वर्षाचं सगळं आठवलं.

द्राक्षांचा हंगाम म्हटलं की लोकांच्या तोंडाला पाणी सुटतं. मला कात्रीचा आवाज ऐकू येतो. कच्, कच्, कच्. त्यामागून हाड मोडल्याचा, मग काच फुटल्याचा, आणि सगळ्यात शेवटी फोनमधून येणारा माझ्या वडिलांच्या श्वासाचा. मी डॉक्टर आहे, अतिदक्षता विभागात काम करते, आवाजांना भिणारी बाई नाही. पण ह्या चार आवाजांपुढे माझं काही चालत नाही.

मार्सेलच्या काचघरात एकच वेल आहे. तिचं वाण रेझ. आल्प्सच्या कुशीतल्या एका स्विस दरीतलं हे जुनं पांढरं द्राक्ष, आता तिथंही शोधावं लागतं म्हणे. मणी बारीक, साल जाड, रंग शेवटपर्यंत हिरवाच. मी पहिल्यांदा एक मणी तोंडात टाकला तेव्हा कुणीतरी थोबाडीत द्यावी तसं झालं. माझा जन्म निफाडकडचा. द्राक्ष म्हणजे साखर, एवढंच मला ठाऊक. अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, मागच्या हंगामातले चार वाळके मणी मार्सेलकडे एका बशीत पाहिले होते. एक चावून ते म्हणाले, "हे द्राक्ष नाही बाई, हे भांडण आहे." त्यांना तेव्हा ठाऊक नव्हतं की ते भांडण त्यांच्याच अंगावर येणार आहे.

मार्सेलची दरी पर्यटकांच्या कॅलेंडरातली नाही. तो सांगतो ती दरी माणसाला मारत असते. बागा इतक्या उभ्या चढणीवर की हिवाळ्यात माती घसरून खाली येते आणि वसंतात बायापुरुष ती टोपल्यांत भरून पाठीवरून परत वर नेतात. पाणी हिमनदीकडून आणायचं, तर कड्याच्या पोटाला लाकडी पन्हळी टांगायच्या. त्या टांगताना दर पिढीत कुणीतरी खाली गेलेलं. वसंतात डोंगरावरून एक गरम वारा सुटतो. त्याने द्राक्ष पिकतं आणि माणसाचं डोकं फिरतं. त्याचे काका त्या वाऱ्यात सख्ख्या भावावर विळा घेऊन धावले होते, आणि वारा पडल्यावर दोघांनी बसून चीज खाल्लं. गाईसुद्धा तिथं झुंजतात. काळ्या, ठेंगण्या, जाड मानेच्या गाई, आणि जी जिंकेल ती कळपाची राणी. हे ऐकून अण्णा पहिल्यांदा मार्सेलकडे आदराने बघायला लागले.

वाणांची नावं तो माणसांसारखी घेतो. कोर्नालाँ तांबडं, रुसकं, एक वर्ष देतं आणि एक वर्ष नाही. 'पेटीत आरवीन' नावाची वाईन पिऊन झाल्यावर जिभेवर मीठ ठेवून जाते. उमान्य बाळंतिणीला पाजायचं, अंगात बळ यावं म्हणून. मी अण्णांना हे सांगितलं तर ते म्हणाले, मग आपण डिंकाचे लाडू काय चुकून देतो का.

आणि रेझ पिंपाची. त्याच्या गावात रेझची वाईन डोंगरातल्या तळघरात पिंपात भरतात आणि ते पिंप कधीच रिकामं करत नाहीत. दर वर्षी सुरईभर काढायची आणि तेवढीच नवी ओतायची. बापाच्या वाईनवर मुलाची, तिच्यावर नातवाची. विशीत मार्सेल डब्लिनच्या एका हॉटेलात पाव भाजायला निघाला, तेव्हा बापाने घरच्या मोठ्या पिंपातली वाईन एका कळशीएवढ्या पिंपात भरून त्याच्या पाठीवर बांधली आणि हातात रेझच्या चार काड्या दिल्या. तीन मेल्या. एक सँट्रीत काचेखाली जगली. बायको इथलीच होती, तीही गेली. राहिली वेल, आणि खोपटात ठेवलेलं ते काळंभोर पिंप. पिंपात हवा शिरली की सगळं आंबून जातं, म्हणून दर वर्षी भर घालावीच लागते. एक वर्ष चुकलं तर शंभर वर्षं चुकली, असं तो म्हणतो.

ते एक वर्ष आम्ही चुकवलं.

अण्णा दोन हजार वीसच्या फेब्रुवारीत माझ्याकडे दोन महिन्यांसाठी आले होते. आई गेल्यावर ते घरात कुणाशी धड बोलत नव्हते, म्हणून दादाने त्यांना माझ्याकडे पाठवलं. दादा म्हणजे माझा भाऊ, बाग तोच बघतो. अण्णांनी बॅगेत औषधांचा डबा आणला नाही, छाटणीची कात्री तेवढी आणली. मार्चमध्ये विमानं थांबली. मग सत्तरीपुढच्यांनी घराबाहेर पडायचं नाही असा हुकूम निघाला. अण्णा एकाहत्तरचे. सकाळी मी कामावर जाताना ते खिडकीत उभे असत आणि परत येताना तिथंच असत. मध्ये ते काय करत हे मी विचारलं नाही. मला वेळ नव्हता, आणि खरं सांगायचं तर धीरही नव्हता. माझ्या विभागात तेव्हा माणसं पालथी घालून त्यांच्या छातीत हवा ढकलण्याचं काम दिवसभर चाललेलं असे. घरी येऊन मला कुणाचा चेहरा नको वाटायचा.

एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात मार्सेलला खोकला आला आणि तिसऱ्या दिवशी ॲम्ब्युलन्स. स्ट्रेचरवरून त्याने काचघराची किल्ली माझ्या हातात कोंबली. पाणी घाल, म्हणाला, आणि दुसरं काहीही करू नकोस. मी किल्ली अण्णांना दिली आणि फक्त पाणी घालायला सांगितलं. निरोप अर्धाच पोचवला. "दुसरं काही करू नका" हे मी बोलले नाही, कारण एका म्हाताऱ्याने दुसऱ्याच्या वेलीला काय करायचं असतं, असं मला वाटलं.

निफाडमध्ये वाढून मी हे विसरले होते. आमच्याकडे वेल वर्षातून दोनदा कापतात. ऑक्टोबरात फळासाठी, आणि एप्रिलमध्ये खरड छाटणी. द्राक्षं उतरली की सगळ्या काड्या एका डोळ्यावर, म्हणजे कोंब फुटतो त्या एका गाठीवर, खरडून टाकायच्या, वेल बोडकी करायची, म्हणजे पुढच्या मालाची नवी काडी तयार होते. इथं मात्र वेल हिवाळ्यात एकदाच छाटतात, आणि त्या वर्षाचे घड एप्रिलच्या कोवळ्या फुटीवरच येतात. पन्नास वर्षं ज्याने एप्रिलमध्ये हेच केलं, त्याला काही आठवडे घरात कोंडला आणि मग न खरडलेल्या वेलीपुढे उभा केला, तर तो झारी घेऊन उभा राहील का?

मी दुपारी घरी आले तर काचघराच्या दाराशी काड्यांचा ढीग पडला होता. बोटाएवढी लांब कोवळी फूट, तिला लागलेली गुलाबी पानं, सगळं जमिनीवर. वेलीचं खोड आणि दोन ओलांडे, तिचे आडवे हात, तेवढे उरले होते. कापलेल्या प्रत्येक टोकातून पाणी गळत होतं, टप टप, खालची फरशी ओली झाली होती. अण्णा नळावर हात धूत होते. कित्येक दिवसांत त्यांचा चेहरा असा उजळलेला मी पाहिला नव्हता. "मोकळी केली तिला," ते म्हणाले. "कुणी हातच लावला नव्हता. येड्यावानी वाढू राहिली होती."

मी ओरडले. काय काय बोलले ते सगळं आठवत नाही, पण एक वाक्य आठवतं. मी म्हणाले, "तुम्हाला तोडायलाच येतं. तेवढंच येतं तुम्हाला."

ते वाक्य जुनं होतं. बारावीच्या वर्षी मार्चमध्ये आमच्याकडे गारा पडल्या होत्या. उतरायला आलेले घड पंधरा मिनिटांत चिखलात झोपले. गारा थांबल्या तसे अण्णा कुऱ्हाड घेऊन बागेत शिरले आणि एकेक खोड तोडत सुटले. माझ्या हातानं लावली, माझ्या हातानं तोडीन. आईने मागून कमरेला मिठी मारली तेव्हा त्यांचं कोपर तिच्या तोंडावर बसलं आणि तिचा ओठ फाटला. ती रक्त थुंकली आणि तरी सोडेना. मी रसायनशास्त्राचं पुस्तक छातीशी धरून बांधावर उभी होते. पुढच्या वर्षी त्याच जागी त्यांनी स्वतःच नवी काडी लावली, पण मी घरातून जायचं त्या दिवशीच ठरवलं. आणि आता आयर्लंडमध्ये, मार्सेलच्या अंगणात, मी त्यांना ते एका वाक्यात परत दिलं. त्यांनी कात्री पुसून खिशात घातली आणि घरात गेले.

मार्सेल माझ्याच विभागात होता. नळी, यंत्र, पालथं घातलेलं ते भलंमोठं पाठाड. बावीस दिवस त्याच्या छातीत आम्ही हवा मारली. मी दर फेरीला त्याच्याजवळ थांबायचे आणि माझ्या डोक्यात त्याच्या फुप्फुसांपेक्षा ती बोडकी वेल जास्त असायची. तो मेला तर त्याला कळणार नाही, असा विचार एकदा माझ्या मनात येऊन गेला. मी तो हाकलला, पण आला होता हे खरं आहे.

तो मेला नाही. नळी काढली त्या दिवशी त्याचा आवाज फाटलेल्या कापडासारखा होता. बायकोचं नाव नाही, देवाचं नाव नाही, पाणी नाही. त्याने विचारलं, "वेल?"

"ग्रँड," मी म्हणाले. इथं सगळेच सगळ्याला ग्रँड म्हणतात, हवेला, चहाला, मोडलेल्या संसाराला. त्याने डोळे मिटले आणि यंत्रावरचे त्याच्या नाडीचे आकडे खाली आले. रुग्णाच्या भल्यासाठी बोललेलं खोटं, असं मी स्वतःला समजावलं. पण मी अण्णांसाठी बोलले होते, आणि त्याहून जास्त माझ्यासाठी.

जूनमध्ये तो घरी आला, हॉस्पिटलने दिलेली काठी टेकत, निम्मा झालेला. मी त्याला गाठून सगळं सांगायचं ठरवलं होतं. पण तो गाडीतून उतरला तो थेट मागे गेला. मी पोचले तेव्हा तो काचघरात उभा होता आणि अण्णा दारात. अण्णा स्वतःहून गेले होते. चूक झाली हे त्यांना हावभावांनी सांगायचं होतं, म्हणून त्यांनी दोन्ही हात जोडून पुढे केले होते. मार्सेलने काठी उचलली आणि त्या जोडलेल्या हातांवर हाणली. उजव्या मनगटाचं हाड मोडल्याचा आवाज मी पाच पावलांवरून ऐकला. अण्णांचा डावा हात शेजारच्या फावड्यावर गेला. मी त्यांच्या डोळ्यांत ती कुऱ्हाड पाहिली. मग त्यांनी मार्सेलच्या गळ्यातल्या उभ्या शिरा, लटलट कापणारे पाय पाहिले, आणि फावडं ठेवून दिलं. राग त्यांनी असा खाली ठेवलेला मी पहिल्यांदा पाहत होते.

पाय घसरून पडलो असं हॉस्पिटलात सांग, एवढंच ते गाडीत म्हणाले. मी तसंच सांगितलं. परत आले तर मार्सेल अजून काचघरात बसला होता. मी भिंतीपाशी गेले. त्याने माझ्याकडे न बघता म्हटलं, "तू ग्रँड म्हणाली होतीस." मला शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

अण्णा प्लास्टरातला हात गळ्यात अडकवून भिंतीशी उभे राहत आणि पलीकडे बघत. वेल मेली नव्हती. खरडलेल्या डोळ्यांतून रानटी फूट निघाली होती, काचेला भिडलेली, एकही घड नसलेली. त्यांनी मला भाषांतराला उभं केलं. त्याला सांग, आता हिला धरली तर पुढल्या वर्षी माल देईल. नुसती सोडली तर पुढलं वर्षबी गेलं. मी इंग्रजीत सांगितलं. मार्सेलने काचघराचं दार लावून घेतलं. आठ दिवस ते दार बंद होतं. नवव्या दिवशी सकाळी भिंतीवर काठी आपटली, तीनदा. तीच काठी. अण्णा भाकरी टाकून उठले.

ते सांगत आणि मी करत असे, कारण त्यांचा हात बांधलेला होता. सुट्टीच्या दिवशी मी काचघरात घामाने निथळत उभी, मागे दोन म्हातारे. सात पानांवर शेंडा मार. ही बगलफूट काढ. ती नको, तिला राहू दे, डोळे फुटलेत का तुझे. मार्सेल फ्रेंचमध्ये कुरकुरायचा, अण्णा निफाडीत, आणि दोघांची सगळी शिवीगाळ माझ्या बोटांवर. काडी नीट पोसली तर तिच्या डोळ्यात पुढच्या वर्षीचे घड आत्ताच तयार होतात. आमच्याकडे त्याला काडीत माल भरणं म्हणतात. बाहेरून काही दिसत नाही. हिवाळा जाऊन डोळा फुटेपर्यंत खरं काय ते कुणालाच कळत नाही. मला ह्या कामाचा राग होता. हळूहळू त्या रागाची सवय झाली, आणि एका दिवशी मी कामावरून निघताना घाई करतेय हे माझ्या लक्षात आलं.

ऑगस्टमध्ये वादळ आलं. भर दुपारी पश्चिमेकडून वारा घुसला आणि काचघराच्या छताची पहिली काच फुटून आत कोसळली. मी धावले तेव्हा अण्णा आधीच पाठ लावून चौकट धरून उभे होते. मार्सेल फळ्या ठोकत होता. दुसरी काच फुटली तिने त्याचं कपाळ उघडलं. रक्त डोळ्यात उतरत होतं आणि तो हातोडा थांबवत नव्हता. अण्णा मराठीत वाऱ्याच्या आईबहिणीचा उद्धार करत होते, मार्सेल त्याच्या भाषेत, आणि मी वेलीच्या काड्या छातीशी कवटाळून जमिनीवर बसले होते, डोक्यावर काचा पडत असताना. भीती वाटली नाही. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा कुणाला तरी उघड शिव्या देता येत होत्या, आणि तिघांनाही ते हवं होतं.

मी स्वयंपाकघराच्या टेबलावर मार्सेलचं कपाळ शिवलं. मग तो उठला, खोपटात गेला आणि पिंपातून एक पेला काढून अण्णांपुढे ठेवला. आयुष्यभर द्राक्षं पिकवलेल्या अण्णांनी दारूचा थेंब कधी घेतला नव्हता. त्यांनी पेला नाकाशी नेला, तोंड वाकडं केलं, उठून बाहेर गेले आणि सगळा पेला वेलीच्या बुंध्याशी ओतला. तिचं तिला, म्हणाले. मार्सेलने टेबलावर इतक्या जोराने मूठ आपटली की बशा उडाल्या. त्यात त्याच्या आजोबांच्या हातची द्राक्षं होती. मग त्याचं पोट हलायला लागलं, टाके दुखेपर्यंत तो हसला, आणि म्हणाला, योर मॅन इज अ सॅव्हेज. मी अण्णांना सांगितलं, तो म्हणतोय तुम्ही रानटी आहात. अण्णांनी मान डोलावली.

पण पेलाभर पिंप उणं झालं होतं, आणि वर्षभरात लाकडाने प्यायलं ते वेगळं. तो ऑक्टोबर रिकामा आला. भर घालायला एक मणीही नव्हता. मार्सेल पिंपाला कान लावून बसायचा. दुकानातली वाईन ओत म्हटलं तर त्याने माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी त्याच्या बापाच्या थडग्यावर थुंकले होते. अण्णांनी तीन दिवस विचार केला. "वाईन वाढवता येत नसंल तर जागा कमी करा," ते म्हणाले. "कावळ्यालाबी कळतं ते." मी काचेच्या गोट्या मागवल्या, उकळल्या, वाळवल्या, आणि मार्सेलने त्या पिंपाच्या भोकातून एकेक आत सोडल्या. वाईन काठापर्यंत वर चढली. त्याने बूच ठोकलं आणि मग सांगितलं की लढाईच्या एका वर्षी, बर्फाने सगळं मारलं तेव्हा, त्याच्या आजोबांनी नदीतले गोटे धुऊन असेच टाकले होते. ते तो विसरला होता. अण्णांना हे कळल्यावर ते म्हणाले, मग म्हातारा माझ्याच वळणाचा होता.

जानेवारीच्या कडाक्यात दोघांनी मिळून वेल छाटली, मार्सेलच्या पद्धतीने, लांब काड्या ठेवून. अण्णांच्या बोटांना ते पटत नव्हतं, पण त्यांनी ठेवल्या. फेब्रुवारीत एक विमान मिळालं. एप्रिलची छाटणी पोरांच्या हवाली करणार नाही, म्हणून त्यांनी जायचं ठरवलं. मी थांबा म्हटलं नाही. तिकडे लस येतेय, रुग्ण कमी होताहेत, जाऊ देत, असं मला वाटलं. मी अतिदक्षता विभागातली डॉक्टर, आणि मला असं वाटलं. निघताना त्यांनी कात्री माझ्या हातात ठेवली. "इथं एप्रिलात हात लावू नको," म्हणाले.

एप्रिलच्या अखेरीस दादाने फोन लावला. तालुक्याच्या हॉस्पिटलात खाट मिळाली होती, पण ऑक्सिजन पुरेल की नाही कुणी सांगत नव्हतं. फोनच्या पडद्यावर अण्णांचा चेहरा, तोंडावर मास्क, गळ्याचे स्नायू दर श्वासाला आत ओढलेले. तो श्वास मला वाचता येतो. किती तास उरलेत हे मी त्यावरून सांगू शकते आणि मला ते सांगता आलं. मी जवळजवळ पाच हजार मैलांवर, दुसऱ्यांच्या बापांच्या घशात नळ्या घालणारी. त्या क्षणी माझ्या हाताला काहीतरी फोडायला हवं होतं.

अण्णांनी मास्क बाजूला केला. दादा ओरडला. ते म्हणाले, "घड निघाले का गं?"

मी तीन आठवडे काचघरात गेले नव्हते. मला ठाऊक नव्हतं. "निघाले, अण्णा," मी म्हणाले. "प्रत्येक काडीला दोन दोन."

त्यांनी मास्क परत लावला. दुसऱ्या दिवशी दुपारी दादाचा निरोप आला.

मी बॅगेतून कात्री काढली आणि भिंतीवरून उडी मारून काचघरात शिरले. माझ्या डोक्यात काहीच नव्हतं, फक्त ती वेल बुंध्यापासून खरडायची होती. एप्रिल होता, अण्णा गेले होते आणि ती जगत होती. पहिली काडी मी धरली आणि कापली. कच्. पानांसकट ती माझ्या हातावर पडली, कापलेल्या टोकाचं पाणी मनगटावरून कोपरापर्यंत ओघळलं. दुसऱ्या काडीला कात्री लावली, आणि पानाआड मला ते दिसले. बारीक, हिरवे, मुंगीच्या डोक्याएवढ्या कळ्यांचे. एक, आणि वरच्या पेरावर दुसरा. पुढच्या काडीला दोन. तिच्या पुढच्या काडीला दोन.

मी फरशीवर बसले आणि जनावरासारखी ओरडले. आमच्या गल्लीत ते सगळ्यांनी ऐकलं असणार. मार्सेल कधी आला कळलं नाही. काठी त्याच्या हातात होती आणि त्याची वेल माझ्या पायाशी पडली होती. त्याने काठी भिंतीला टेकवली, वाकून ती कापलेली काडी उचलली, पानं बाजूला सारून पाहिलं. मी त्याला सगळं सांगितलं, अण्णांनी काय विचारलं आणि मी न बघता काय उत्तर दिलं ते. मी ग्रँड म्हणाले होते तेव्हा मला काय ठाऊक होतं, तेही सांगितलं. त्याने काडी पाण्याच्या पेल्यात ठेवली आणि स्वयंपाकघराच्या खिडकीत नेली. त्यातले घड चार दिवसांत सुकले.

आज आम्ही बाकीचे उतरवले. माझे हात चिकट झालेत, नखांत साली अडकल्यात. उद्या ते चिरडायचे. मार्सेलकडे यंत्र नाही, मुठीने चिरडायचे, आणि ते काम मला दिलंय, कारण माझ्यात राग बराच शिल्लक आहे असं त्याचं मत आहे. रस फसफसून शांत झाला की काही आठवड्यांनी पिंपात भर पडेल. गोट्या आतच राहणार, त्या काढायला पिंप रिकामं करावं लागेल.

जागा करायची म्हणून त्याने आज एक पेला काढला आणि माझ्यापुढे ठेवला. ह्या वाईनचा घोट मी आजवर घेतला नव्हता. शंभर वर्षांची राळ, कडू बदाम, लाकूड, शिर्का, सगळं एकदम घशात उतरलं आणि डोळ्यांतून पाणी आलं. कशी आहे, त्याने विचारलं.

"भयंकर," मी म्हणाले. "सडलेली लागते."

मार्सेलने टेबलावर मूठ आपटली, आणि मला वाटलं आता काठी. पण त्याचं पोट हलत होतं. "तुझ्या बापाला ते नुसत्या वासावरून कळलं होतं," तो म्हणाला. "तुला खरं बोलायला दीड वर्ष लागलं."

उरलेला अर्धा पेला मी बाहेर नेला आणि बुंध्याशी ओतला. ह्या वेळी तो दारात उभा राहून शेवटचा थेंब पडेपर्यंत बघत राहिला.